सीनेची तुटक रेघ

मित्रांनो, भिंतीवरून उतरवलेला मी एक जुना नकाशा आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या नद्यांचा. शहरातल्या एका रंगाऱ्याने मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडाला खळ देऊन मला रंगवले. भीमा बारमाही, म्हणून तिला जाड, सलग निळी रेघ. सीना उन्हाळ्यात आटते, म्हणून तिला तुटक. ओढ्यांना तर नुसते ठिपके. मुंग्याच चालल्यात म्हणा ना!

सीनाकाठच्या एका शाळेत मी आलो. गंगाधर मास्तर मला रोज फडक्याने पुसत. "आमचं गाव कुटं हाय, मास्तर?" म्हणत पोरे माझ्यावर बोटे उमटवीत. तेवढाच काय तो माझा सुखाचा काळ.

एका भाद्रपदात मास्तर नद्यांचे प्रकार शिकवीत होते. गावातल्या मडिवाळप्पाची पोर गौरम्मा उठली. घरी सगळे कानडी, त्यामुळे मराठी शब्द चाचपत बोलायची.

"मास्तर, रेघ तुटलीय तितं नदीला उतार हाय? तितनं पल्याड मामाच्या गावाला जायचं?"

वर्ग खिदळला. मास्तरही हसले. "व्हय गं बाई, तितनंच जा की!"

थट्टाच ती. पण पोरीने मान डोलावली, ते मी समोरून पाहिले. नकाशाला तोंड नसते, मित्रांनो.

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच मामाकडे निघाली आणि नदीच्या वाळूत उतरली. इथे आभाळ निरभ्र. पाऊस झाला होता वर, नगरकडे. तांबड्या पाण्याचा लोंढा आला. गौरम्मा सापडली नाही.

मडिवाळप्पा शाळेत आला. "मास्तर, आईला सांगून गेली पोर, नकाशात वाट हाय म्हणून. दावा की, कुटं हाय?"

बापाला अक्षरओळख नव्हती. त्याने मला वरपासून खालपर्यंत तळव्याने चाचपले, आणि तो गेला.

मग मास्तरांनी दौत घेतली आणि सीनेची एकेक फट शाईने सांधली. पुढे तपासणीला आलेले साहेब भडकले, "पावसाळी नदी बारमाही केलीत? नकाशा नासवलात!" मला गुंडाळून माळ्यावर टाकले.

आता मला वाळवी लागली आहे. तिला नद्यांचे प्रकार कळत नाहीत. सगळ्या सारख्याच चवीने खाते. मला खाली काढा, असे मी म्हणत नाही. उशीर झाला. पण मित्रांनो, एखादी पोर वेड्यासारखे काही विचारील, तर तिला आधी उत्तर द्या. हसायचे ते मागाहून.