दिवट्यांचं मूळ आणि लाल अक्षरं

धरणगावजवळच्या त्या गावात तोताराम दिवट्यांच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुळदर्शी महाराज चक्क कोऱ्या कागदावर आडनावाचं मूळ दाखवत होते! त्यांनी मंत्र पुटपुटले, तांब्यातलं पिवळं तीर्थ शिंपडलं, आणि लालभडक अक्षरं उमटली : 'थोरली लेक. अखंड दिवा.'

"तुमचा मूळपुरुष देवीपुढे दिवटी धरायचा!" महाराज गरजले. "एकदा ती विझवून पळाला. आता थोरली लेक जन्मभर आमच्या मठात दिवा सांभाळेल, तरच कुळ सुटेल!"

थोरली लेक म्हणजे पाटावर बसवलेली ज्योती. सोमवारी तिला जळगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. मागे भिंत, पुढे गर्दी, दारात आत्या ताईबाई.

"आबा, माले मठमा नई जानं शे."

तोतारामांनी मान वर केली नाही. "पोरी, देवनं लिखेल शे. मी काय करू?"

बापच असा हतबल झालेला पाहून तिला रडू आलं, रागही आला. तो लाल रंग मात्र ओळखीचा होता. दर उन्हाळ्यात पापडाच्या पिठाला हळदीचा हात लागला की ताईबाई खेकसायची, कारण पिठातल्या पापडखाराने हळद लाल व्हायची.

"दिव्याला तेल आणते," म्हणत ज्योती स्वयंपाकघरात गेली. पाण्यात पापडखार कालवून तिने वहीच्या पानावर काडीने लिहिलं, पान कोमट तव्यावर वाळवलं आणि बाहेर आणलं.

"महाराज, यावर शिंपडा."

महाराज खाकरले. "तीर्थाची वेळ संपली, बेटा."

"तीर्थाला घड्याळ कधीपासून लागलं?" तिने तांब्या ओढला आणि स्वतःच शिंपडलं. लाल अक्षरं उमटली : 'ज्योती सोमवारी कामावर जाणार.'

ताईबाई पुढे झाली आणि महाराजांकडे बोट दाखवून ओरडली. "ओ माय! हाई ते हळद नि पापडखार! बठ्ठा गावले येडं बनावस हाऊ!"

महाराज चपला शोधू लागले. लोकांनी झोळी उलटी केली, तर आणखी चार घरांची नावं घातलेली पाकिटं निघाली. प्रत्येकात एकेक कोरा कागद. ताईबाईने सगळ्या कागदांवर हळदीचं पाणी ओतलं. उमटलेल्या लाल अक्षरांनुसार चारही घरच्या लेकी मठात जायच्या होत्या.

"मग आपलं आडनाव उनं कोठून?" तोतारामांनी हळूच विचारलं.

"ठाऊक नई, आबा. जुना कागद देखूत, म्हातारासले इचारूत. पन सोमवारे मी जासू."

आडनावाचं मूळ जरूर शोधा, मंडळी. कुणी मशाल धरली असेल, कुणी दिवे घडवले असतील. सापडलं तर आनंद, नाही सापडलं तरी काही बिघडत नाही. पण मेलेल्या पूर्वजाच्या नावाने कुणी जिवंत लेक मागायला आला, तर त्याला दारातच थांबवा आणि पुरावा मागा.