पाझर तलावाची ओटी

नागूबाईनं नारळ परत ताटात ठेवला, तशी हलगी थांबली आणि सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघायला लागलं.

दिवस जलपूजनाचा, तालुक्याच्या साहेबांच्या तारखेसाठी यंदा लांबलेला. तळं काठोकाठ भरलं की त्याची ओटी भरायची ही गावाची रीत, आणि ओटीचा मान नागूबाईचा. का नसावा? बहात्तरच्या दुष्काळात, नवी नवरी असताना, तिनं ह्या बांधावर पाट्या वाहिल्या. दगड पडून पायाच्या अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. आजही कुणी विचारलं की ती लुगडं वर करून तो अंगठा दाखवते, पैलवानानं गदा दाखवावी तसा.

यंदा तर मान दुप्पट. तिची सून राजेश्वरी सरपंच झालेली. शेततळ्याला अंथरतात तो काळा प्लास्टिकचा कागद तिनं उन्हाळ्यात अख्ख्या तळ्याच्या पोटात अंथरून घेतला. दर संक्रांतीला तळ दाखवणारं तळं यंदा मार्गशीर्षातही तुडुंब होतं. तालुक्याहून साहेब फोटोवाल्यांसकट आले होते, राजेश्वरीसाठी शाल आणि फेटा घेऊन. सासूची छाती फुगली होती, खोटं कशाला बोला!

पण ओटीचा कलश भरायचा तो तळ्याखालच्या वस्तीच्या विहिरीतूनच. म्हणून सकाळी नागूबाई तिथं गेली. विहिरीला अठरा पायऱ्या. ह्या दिवसांत चार उघड्या असतात. नागूबाई उतरत गेली, उतरत गेली, आणि बारावी ओलांडली तेव्हा कुठं कलश बुडला. वर वस्तीवरची कस्तुराबाई घागर घेऊन उभी होती.

"आक्का, तळं भरलं म्हणं तुमचं. मग आमच्या हिरीला काय झालं वो?"

नागूबाई भरला कलश घेऊन माघारी फिरली. बांध चढता चढता तिला उत्तर सापडलं, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. वस्तीला दुसरी विहीर नाही. होळीपर्यंत ही कोरडी पडणार.

"आत्याबाई, भरा की," राजेश्वरी आता ताट पुढं करत हळूच म्हणाली. "साहेब थांबल्यात."

"म्या न्हाय भरत. ह्या तळ्याचा पाझर बंद झालाय. असल्या तळ्याची ओटी भरत न्हाईत."

साहेब हसले. "आजी, गळती थांबली, हे चांगलंच झालं की."

झालं! म्हातारीचा पारा चढला.

"गळती? गळती फुटक्या घागरीला लागती, साहेब! तो बांधावरला दगड वाचा. काय लिव्हलंय? पाझर तलाव. वो गुरुजी, सांगा ह्यांना पाझर म्हंजे काय."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बब्रुवान गुरुजींना असं कुणी विचारलंच नव्हतं. ते घसा खाकरून उठले. "शब्द लई जुना आहे. संस्कृतात प्रक्षर, प्राकृतात पज्झर, आपल्या तोंडी पाझर. क्षर म्हणजे वाहणं. हळूहळू, थेंबाथेंबानं, आतून वाहणं."

"हे पुस्तकातलं. आता माझं ऐका," नागूबाई म्हणाली. "काम चालू असताना म्या लिंबाजी मुकादमाला विचारलं, तळाला चुना का लावत न्हाय, पाणी जाईल की सगळं. तो म्हनला, पोरी, हे तळं पाणी ठेवायला न्हाय, द्यायला हाय. आधी भुई पील, मग खालच्या हिरीला देईल. त्यालाच पाझर म्हनत्यात. आमी उपाशीपोटी माती वाहिली ती त्या पाझरासाठी. तुमी त्येचं तोंड बांधलं. खाली जाऊन पायऱ्या मोजा!"

राजेश्वरीची मान खाली गेली आणि नागूबाईच्या काळजात चर्र झालं. लेकीसारखी सून, आणि चारचौघांत तिचं तोंड आपणच पाडलं. पण बोलली नसती तर त्या अंगठ्याकडं तिला परत बघवलं नसतं.

राजेश्वरी खाली विहिरीकडं निघाली. मागोमाग गाव. तिनं पायऱ्या मोठ्यानं मोजल्या, बारापर्यंत. परत वर आली तेव्हा साहेब फेटा धरून उभे होते. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला, शेतातून तशीच आलेल्या एकीच्या हातातला विळा घेतला आणि तळ्यात कंबरभर पाण्यात उतरली.

"कागद म्या अंथरला," ती म्हणाली, "कापायला पण मीच लागणार."

टर्रकन कागद फाटला. कागदाखालून बुडबुडे वर आले, पाणी आत शिरायला लागलं. मग दुसरी उतरली, तिसरी उतरली. दिवस मावळेपर्यंत बायकांनी काठाकाठानं तो कागद उभा चिरत नेला. साहेब आणि फोटोवाले कधी निघून गेले, कुणाला कळलंही नाही.

आठ दिवसांत तळं हातभर उतरलं. नवव्या दिवशी कस्तुराबाई पळत आली. अकरावी पायरी भिजली होती, दहावीला पाणी टेकलं होतं.

संध्याकाळी राजेश्वरीनं तेच ताट सासूपुढं धरलं. "आता भरता का ओटी?"

"भरते की. पण आधी तू पदर पसर."

"माझी कशाला? लोकं हसत्याल."

"हसू दे. पसर म्हनते ना!"

नागूबाईनं खण-नारळ सुनेच्या पदरात घातला, आणि काठावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बांध म्या घातला, पाझर हिनं सोडला. माझी सून हाय ही!"