खंडेनवमीला थांबलेला सर्व्हर

हिंगणघाटात प्रभाकररावांचं सरकी-ढेपेचं दुकान कुठं आहे म्हणून कोणालाही विचारा. माणूस रस्ता सांगेल, आणि वरून न विचारता सांगेल, "त्यायच्या पोरानं अॅप काढलं ना बा! आता समुद्रपूरचे दूधवाले घरबसल्या मोबाइलवर ढेप बोलावते." पोरानं म्हणे! अॅप उभं केलं सुनेनं, आणि बाजारात छाती फुगवून फिरतो तो पोरगा.

आता यात गंमत अशी, की लोकांचंही अगदीच चुकत नव्हतं. मोबाइलवर जे दिसतं, ती हिरवी बटणं, तो ढेपेच्या पोत्याचा फोटो, ते धीरजनंच केलं होतं. पण बटण दाबल्यावर पुढं काय? ऑर्डर कोण घेणार, गोदामात माल आहे का ते कोण पाहणार, सिंदी रेल्वे गावाला जाणारी मालाची गाडी भरली की नाही ते कोण सांगणार? ते सगळं मागं बसलेला सर्व्हर करतो, आणि तो सर्व्हर धीरजच्या बायकोनं, हर्षानं लिहिला होता. लग्नाआधी नागपूरच्या एका लहानशा कंपनीत ती हेच काम करायची. जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं, नोडवर चालवायचं, आणि सांगाडा एक्सप्रेसचा. हे काम मागच्या खोलीतलं. चांगलं झालं तर कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि बिघडलं की सारं गाव ओरडतं.

धीरजनं पुण्यात कोर्स केला होता, नोकरी लागली नाही म्हणून परत आला होता. तो वाईट नव्हता, पण बोलघेवडा भारी. दर महिन्याला त्याच्या तोंडी नव्या फ्रेमवर्कचं, म्हणजे नव्या सांगाड्याचं, नाव. "हे एक्सप्रेस जुनं झालं, आपण सारं नेस्टमधे लिहू." पुढच्या महिन्यात, "फास्टिफाय लई फास्ट हाये म्हणते." हर्षा एकदा वैतागून म्हणाली, "आधी एक्सप्रेसमधे काय लिहिलं ते तं वाचा." तेव्हापासून तो तिच्याशी जरा जपूनच बोलायचा. नाचता येईना अंगण वाकडं, पण हे नवऱ्याला कोण सांगणार?

सर्व्हर ठेवला होता दुकानाच्याच आतल्या खोलीत, एका जुन्या कॉम्प्युटरवर. बाहेरच्या कंपनीच्या मशीनवर भाड्यानं जागा घेऊन ठेवू, असं हर्षानं सुचवलं होतं. प्रभाकरराव म्हणाले, "आपल्या गिऱ्हाइकायची नावं परक्याच्या घरी काऊन ठेवाची?" झालं. व्यापारी माणूस, त्यापुढं काय बोलणार! तेव्हापासून ढेपेच्या पोत्यांच्या शेजारी स्टुलावर ते 'डब्बं' अहोरात्र घुरघुरत होतं.

आणि मग नागपूरहून बोलावणं आलं. हर्षाच्या जुन्या कंपनीतल्या भावना मॅडम आता दुसरीकडे मोठ्या पदावर होत्या. त्यांना सर्व्हरचं काम करणारं एक माणूस हवं होतं. आठवड्यातले तीन दिवस नागपूर, बाकी घरून. हर्षाला हुरूप आला. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत तिला कोणी तिच्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

प्रभाकरराव नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "जाय ना. पण तू गेली अन् हे डब्बं बंद पडलं, तं चालवन कोन? दुकान बसन ना आपलं."

"यायले शिकवते मी," हर्षा म्हणाली.

तिनं धीरजला शेजारी बसवून शिकवलं. थांबवायचं असं, सुरू करायचं असं. एकेक ओळ टाइप करायची, बस. धीरज मान हलवत राहिला. "येते मले. एवढं काय त्यात." प्रभाकररावांना काही ते पटलं नाही. "आधी नोकरी तं लागू दे. मंग पाहू."

मुलाखतीचा दिवस आला तो नेमका खंडेनवमीचा. भावना मॅडमची अट एकच होती. लिहिलेलं सगळेच दाखवतात, आम्हाला चालू असलेलं काम पाहायचंय. तुमच्या सर्व्हरवर आम्ही एकदम हजारो ऑर्डरी सोडू आणि तो किती दम धरतो ते पाहू. हर्षाला त्याची भीती नव्हती. नोडमध्ये काम करणारा गडी एकच असतो. तो एकेक काम घेऊन पोतं मोजत बसला, तर मागची सारी रांग खोळंबते. त्यानं चिठ्ठी घ्यायची, गोदामाकडं धाडायची आणि लगेच पुढच्याकडं वळायचं. तिनं तो गडी तसाच घडवला होता. चार वर्षांत एकदाही रांग तुंबली नव्हती.

पण खंडेनवमीला अवजार चालवत नाहीत. या घरात तर अजिबात नाही. काटा, मापं, पोती शिवायची दाभणं, हमालांचे आकडे, सारं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू चढवायचा, आणि दिवसभर हात लावायचा नाही. सासूबाई, म्हणजे शकुंतलाबाई, आदल्या दिवशीच म्हणाल्या, "हर्षा, तुह्यं लॅपटॉप पूजेत पाह्यजे."

"ठेवा, आई. पण आतलं डब्बं नका बंद करू. वरून पूजा करा, फूल वाहा, पण चालू राहू द्या. उद्या तेच दाखवाचं हाये."

शकुंतलाबाईंनी थोडा विचार केला. "नंदादीप कसा विझवत नाई, तसं समजते मी. हात नाई लावत."

हर्षाला त्या क्षणी सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. लॅपटॉप पाटावर ठेवून ती सकाळच्या एसटीनं नागपूरला गेली, फक्त मोबाइल घेऊन. सर्व्हर तर चालूच होता. दाखवायला आणखी काय लागतं?

नागपुरात तिला बराच वेळ बाहेर बसवलं. फोन आवाज बंद करून पर्समध्ये. आत बोलावलं, भावना मॅडम मनापासून हसल्या, चहा आला. त्यांच्या शेजारी बसलेल्या पोरानं तिच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. पडदा पांढराच राहिला. परत टाकला. "सर्व्हर सापडत नाही."

तिनं तिथूनच धीरजला फोन लावला.

"अहो, सर्व्हर बंद हाये काय?"

"लाइन गेली ना," धीरज म्हणाला. "तार तुटली म्हणते. आपल्याकडचं सारं बंद हाये."

"केव्हा येईन?"

"आता ते मी कसं सांगू? मी काय वीजवाला हाये?"

भावना मॅडम बऱ्या होत्या. त्यांनी वाट पाहिली. मग मुलाखतीला आलेल्या दुसऱ्या मुलीला आत घेतलं, मग पुन्हा हर्षाला विचारलं. पडदा पांढराच. शेवटी त्या म्हणाल्या, "हर्षा, मला तुझं काम माहीत आहे. पण निवड करणाऱ्या बाकीच्या दोघांना दाखवायला काहीतरी हवं ना. उद्या दसऱ्याची सुट्टी, निवड आजच करायची आहे." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. वाईट वाटून काय उपयोग! जागा त्या दुसऱ्या मुलीला गेली.

परतीच्या गाडीत हर्षानं रडू आवरायला म्हणून फोन उघडला. आलेल्या मेल चाळू लागली, आणि बोट थांबलं. सर्व्हरची मेल होती. तिनंच तशी सोय केली होती. कोणी सर्व्हरला रीतसर थांबवलं, तर तो हातातल्या ऑर्डरी पुऱ्या करतो, तिला एक ओळ पाठवतो आणि मगच झोपतो. वीज गेली तर त्याला मेल पाठवायला सवडच मिळत नाही, जागच्या जागी मरतो. मेलमध्ये लिहिलं होतं, 'हातातलं काम संपवून थांबलो.' ती नागपुरात बाहेर बाकावर बसली होती, त्या वेळची मेल.

ओळ टाइप करून थांबवणं घरात दोघांनाच येत होतं. एक ती. आणि दुसऱ्याला तिनंच शेजारी बसवून शिकवलं होतं. केसानं गळा कापतात ते असं.

घरी पोचली. शकुंतलाबाई निरांजन लावत होत्या. हर्षानं चप्पल काढता काढता विचारलं, "आई, लाइन केव्हा आली?"

"लाइन?" सासूबाईंनी मान वर केली. "गेलीच कुठं? दिवसभर पंखा चालू हाये. काऊन, काय झालं? लागली का नोकरी?"

"नाई," हर्षा म्हणाली. शकुंतलाबाई तिच्याकडं पाहत राहिल्या, मग माजघरात टीव्ही पाहत बसलेल्या लेकाकडं. धीरजनं टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

त्या संध्याकाळी हर्षा त्याच्याशी भांडली नाही. विचारलं असतं तर तो काय बोलला असता, ते तिला तोंडपाठ होतं. सण होता. गंमत केली. तुले कोनी अडवलं? खरं कारण तो बोलणारच नव्हता. ती नागपूरला गेली असती, तर अॅप कोणाचं ते गावाला कळलं असतं. या माणसाला तिनं स्वतः शिकवलं, याचा तिला इतका संताप आला की जेवण गेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी दुकानाचा फोन थांबेना. म्हशीला काही दसरा कळत नाही, तिला रोज ढेप लागते. समुद्रपूरचे भैयाजी तर तावातावानं बोलत होते. कालपासून तुमचं अॅप उघडत नाही, आता काय दुसऱ्या दुकानात जाऊ? प्रभाकररावांनी फोनवर हात ठेवून हाक मारली, "हर्षा! अवं, ते डब्बं सुरू कर लवकर."

हर्षा दारात आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. "यायले सांगा, बाबूजी. काल यायनंच बंद केलं. सुरू कराले बी येते यायले."

दुकानात दोन हमाल होते, ते पोती उचलायचे थांबले. धीरजचा चेहरा उतरला. "सण होता म्हणून..." तो पुटपुटला. मग बापाच्या नजरेखालून सुटायला म्हणून आतल्या खोलीत गेला, स्टुलासमोर उकिडवा बसला आणि एक ओळ टाइप केली. काही अडखळला नाही. डब्बं घुरघुरलं, ऑर्डरी पटापट उतरू लागल्या.

प्रभाकरराव चकित झाले. त्यांना बाकीचं काही कळलंच नाही, त्यांना दिसलं ते एवढंच. "वा रे पठ्ठ्या! तुले येते तं हे! मले तं पटलंच नव्हतं!" आणि खरोखरच्या आनंदानं ते सुनेकडं वळले. "झालं ना मंग, हर्षा! आता काहीच अडचन नाई. आता तू बेशक जाय नागपूरले. मी अडवत नाई तुले."

"जागा भरली, बाबूजी," हर्षा म्हणाली. "काल हे बंद होतं तेव्हाच भरली."

"असं?" त्यांना मनापासून हळहळ वाटली. "जाऊ दे, बाई. दुसरी भेटन."

"भेटन ना," हर्षा म्हणाली. तिनं धीरजकडं पाहिलं, आणि तो स्टुलासमोरून उठलाच नाही. "त्या दिवशी फक्त हे घरी नसले पाह्यजे."