कडू फुंकर

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक दिसावं म्हणून विक्रीच्या खुर्च्यांवर चढून उभे होते. एरवी गिऱ्हाइकाने खुर्चीला नुसतं बोट लावलं तरी वस्सकन अंगावर येणारा दुकानदार आज स्वतःच "चढा, चढा, सगळ्यांना दिसलं पाहिजे" म्हणत फिरत होता. मधोमध फरशीवर एक तरुण वेल्डर आडवा पडला होता. त्याचे हातपाय झटके देत होते, जबडा आवळला होता आणि तोंडाला फेस आला होता. त्याची आई शेजारी बसून "बाबा, बघा ना हो याच्याकडे" म्हणून रडत होती.

फुंकरबाबा सावकाश उठले. या माणसाला कधी घाई नसते. पांढराशुभ्र शर्ट, मागे वळवलेले केस आणि हातात पितळेची वीतभर लांब नळी.

"वादळ आहे," ते म्हणाले. "मेंदूत वादळ उठलंय. वादळाला दटावायचं नसतं, वादळाला श्वास द्यायचा असतो. श्वास श्वासाला ओळखतो."

"श्वास श्वासाला ओळखतो!" सगळा हॉल म्हणाला.

बाबांनी नळीचं निमुळतं टोक वेल्डरच्या नाकपुडीशी नेलं, जाड टोकाभोवती मूठ आवळली, तोंड लावलं आणि सूं करून फुंकर घातली. मग दुसऱ्या नाकपुडीत. थोड्या वेळात झटके मंदावले आणि थांबले. वेल्डर गाढ झोपला. त्याच्या आईने बाबांचे पाय धरले आणि लोकांनी तोंडात बोटं घातली.

मी घातली नाहीत. मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होते. घरगुती यंत्रांच्या कंपनीत मी तक्रारी ऐकण्याचं काम करते. "मशीन आपोआप बिघडलं" असं सांगणाऱ्याला "आपोआप म्हणजे नेमकं काय केल्यावर?" असं गोड आवाजात विचारण्यात माझी उमर गेली. त्यामुळे घरात मला शंकासुर म्हणतात. म्हणू देत.

त्या दिवशी मात्र शंकासुराची पंचाईत झाली. बहुतेक फिट एकदोन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, हे मला माहीत होतं. बाबा मुद्दाम उशिरा उठतात आणि थांबतच आलेल्या फिटचं श्रेय खिशात घालतात, असा माझा अंदाज होता. पण भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. एवढी लांबलेली फिट सहसा आपली आपण थांबत नाही. ही फुंकरीनंतर थांबली होती, आणि तो मुलगा सोंग करत नव्हता हे आंधळ्यालाही कळलं असतं. लबाडी असती तर मी सुखाने घरी गेले असते. इथे गुण येत होता, आणि नुसत्या हवेने गुण येतो हेच माझ्या पचनी पडेना.

हे सगळं माझ्या डोक्याला लावून घ्यायचं कारण माझी भाची. चिंगी. एकोणीस वर्षांची, केक-बिस्किटं करायला शिकणारी, "आता तरी मला चिंगी म्हणू नका" असं महिन्यातून दोनदा बजावणारी. तिला लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांनी त्या बऱ्याच ताब्यात होत्या. तरी अडीअडचणीला असावा म्हणून तिच्या डॉक्टरबाईंनी नाकात मारायचा एक स्प्रे दिला होता आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून तो कसा वापरायचा ते शिकवलं होतं. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तरच मारायचा. तिच्या वजनाप्रमाणे लिहून दिलाय तेवढाच मारायचा. मग तिला कुशीवर वळवायचं, श्वासावर नजर ठेवायची, फिट थांबली नाही किंवा श्वास मंद वाटला तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. आपल्या मनाने दुसरा डोस द्यायचा नाही, आणि झोप आणणारं दुसरं काहीही त्यासोबत नाही.

तो स्प्रे वहिनीने कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवून दिला आणि कुलूप लावलं.

"वन्सं, झोपेचं औषध आहे ते," ती मला म्हणाली. "डॉक्टर स्वतःच म्हणाल्या की श्वास मंदावू शकतो. पोरगी उठलीच नाही तर? मी आई आहे तिची."

"अहो वहिनी, म्हणून तर मोजून दिलंय ना?"

"बाबांच्या फुंकरीत तसलं काही नाही. नुसता श्वास. त्याने कुणाचं वाईट व्हायचंय?"

दादा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "जाऊ दे ना. हवाच तर आहे."

दर आठवड्याला वहिनी चिंगीला त्या हॉलमध्ये नेऊ लागली. फिट आलेली नसली तरी बाबा 'राखणीची फुंकर' घालत. चिंगी मग घरी येऊन दुपारभर झोपे. वहिनी म्हणे, बघा कशी शांत झालीय.

एकदा मीही सोबत गेले आणि बाबांकडे बघायचं सोडून रांगेतल्या लोकांकडे बघत बसले. फुंकर घेतलेला प्रत्येक जण नाक चोळत, डोळे पुसत बाहेर येत होता आणि आवंढा गिळून तोंड वाकडं करत होता. पुढे बाबांचा एक चेला प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवत होता.

"साखर कशाला?" मी त्याला विचारलं.

"आतलं दुःख घशातून उतरतं ताई. दुःख कडू असतं."

परतताना मी चिंगीला विचारलं, "खरंच कडू लागतं गं?"

"शी! काही विचारू नकोस. नाक असं झोंबतं, आणि मग घशात कडूजहर. पुढचं मला फारसं आठवत नाही."

"फुंकरीला चव असते होय?"

वहिनी थबकली. क्षणभर मला वाटलं, आता ही विचार करणार. पण ती म्हणाली, "तुम्ही ना वन्सं, देवाच्याही पावत्या तपासाल." आणि ती पुढे चालू लागली. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकायची थांबेना. मी तेव्हाच डॉक्टरबाईंकडे जायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात जाऊ असं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात हॉलमध्येच, रांगेत उभी असताना, चिंगी कोसळली. त्या दिवशी दादा आणि मीही सोबत होतो.

लोक बाजूला झाले. बाबा सावकाश उठले. वादळ, श्वास, ओळख, सगळं यथासांग म्हणून झालं. फुंकर घातली. झटके थांबले नाहीत. मिनिटभरही गेलं नसेल, तोच खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, "आज काय झालं बाबांना?" आणि बाबांच्या कपाळावर मी पहिल्यांदा घाम पाहिला. त्यांनी लगेच पुन्हा फुंकर घातली. पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. कुठल्याही उपायाला लागू पडायला थोडा वेळ लागतो. बाबांना तेवढा धीर नव्हता, कारण गर्दी बघत होती.

झटके थांबले आणि टाळ्या वाजल्या. वहिनीने डोळ्यांना पदर लावला.

मी चिंगीच्या छातीकडे बघत होते. ती वर झाली, खाली आली, आणि मग बराच वेळ हललीच नाही. मग एक घोरल्यासारखा श्वास आला. पुन्हा काही नाही. मी गुडघे टेकून तिला हाका मारल्या, हलवलं, चिमटा काढला. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

"हात लावू नका," बाबा म्हणाले. "समाधी लागलीय."

"समाधीत ओठ निळे पडत नाहीत!" मी किंचाळले.

आणि तो माणूस पुन्हा नळी घेऊन वाकला. मी ती त्याच्या हातातून हिसकावली आणि पर्समध्ये कोंबली. चिंगीला कुशीवर वळवलं, हनुवटी वर उचलून धरली आणि दादाला ओरडून रुग्णवाहिका बोलवायला लावली. दुकानदाराने मात्र माणसासारखं वागून जिना मोकळा केला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिच्या तोंडाजवळ गाल नेऊन श्वास लागतोय का ते बघत होते. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी आल्या आल्या तिच्या तोंडावर मास्क दाबला आणि रबरी पिशवी दाबून दाबून तिला श्वास दिला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाई आमच्यावरच तुटून पडल्या.

"स्प्रे किती वेळा मारलात?"

"एकदाही नाही," दादा म्हणाला.

"खोटं बोलू नका. तिच्या तपासणीत तसलंच औषध आलंय. किती दिलंत ते कळलं नाही तर मी उपचार कसे करू?"

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेली मी, आणि आज डॉक्टर माझ्याकडे त्याच नजरेने बघत होत्या. दादा धावत घरी जाऊन स्प्रे घेऊन आला. खोक्याचं सील तसंच होतं. डॉक्टरबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "मग औषध आलं कुठून?"

मी पर्समधून नळी काढली.

त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि जाड टोकाचा फिरकीचा भाग उघडला. आत लेबल खरवडलेली एक छोटी बाटली होती. तिच्या फवाऱ्याचं तोंड नळीच्या निमुळत्या टोकाकडे होतं. बाबांच्या मुठीखाली येईल अशा जागी एक भोक, त्यातून अंगठ्याने फवारा दाबायला. तोंडाने घातलेली फुंकर होती ती फक्त आवाजापुरती.

"मिडाझोलाम असणार," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दिलंय तेच. आता तिच्या गोळ्यांबद्दल सांगा. रोजच्या चालू आहेत ना?"

वहिनीने तोंड भिंतीकडे फिरवलं. गोळ्या बंद होत्या, हे त्यातच कळलं.

चिंगी दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते "भूक लागलीय." दादा खोलीबाहेर जाऊन रडला.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, बाटली तपासायला गेली आणि अंदाज खरा निघाला. पण ती नळी आपली नाहीच म्हणत इकडे बाबांचं दुकान चालूच! उलट नवी कथा निघाली होती: पोरगी फुंकरीनेच वाचली, हॉस्पिटलने फुकटचं श्रेय लाटलं. मग आम्हीही हॉलमध्ये गेलो. मी, वहिनी, डॉक्टरबाई आणि हट्टाने आलेली चिंगी. साध्या कपड्यातले दोन पोलीस मागे उभे राहिले.

बाबांच्या हातात नवी नळी होती.

"बाबा, ही फुंकर आरशावर घालून दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"श्रद्धा नसलेल्या काचेला फुंकर लागत नाही."

"अहो, आरसा आमच्या दुकानाचा आहे," दुकानदार म्हणाला. "त्याची श्रद्धा आहे." लोक हसले, आणि आरशाचं टेबल पुढे आलं.

बाबा जागचे हलेनात. डॉक्टरबाईंनी आधी स्वतः आरशावर फुंकर मारली. काच धुरकट झाली आणि लगेच स्वच्छ झाली. मग त्यांनी बाबांच्या हातातली नळी घेतली, तोंड न लावता आरशासमोर धरली आणि मुठीतच अंगठा दाबला. फस्स झालं. आरशावर बारीक थेंब उमटले, एकत्र आले आणि ओघळू लागले. त्यांनी बाटली बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. बाबा जिन्याकडे सरकले, पण तिथे पोलीस होते. हा माणूस पूर्वी एका दवाखान्यात मदतनीस होता, हे मागाहून कळलं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग वेल्डरच्या आईनेच विचारलं, "पण डॉक्टर, माझ्या मुलाची फिट थांबली होती की! औषध तर औषध. गुण आला ना?"

"आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध खरंच आहे आणि चांगलं आहे, मी रोज लिहून देते. पण किती द्यायचं, केव्हा द्यायचं, दिल्यावर श्वास कोण बघणार, हे ठरलेलं असतं. यांनी कुणाला किती दिलं ते त्यांनाही माहीत नाही. आणि हे आग विझवायचं पाणी आहे. आग लागू नये म्हणून रोजच्या गोळ्या असतात. त्या सोडल्यात तर आग पुन्हा लागणारच."

"पण थांबली होती," ती आई हळूच पुन्हा म्हणाली. मला तिचा राग आला नाही.

चिंगी पुढे झाली. "हो मावशी, माझीही थांबली. सोबत श्वासही थांबत होता. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात. माझ्या नाकात काय घालताय, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही. आता मी प्रत्येकाला विचारणार आहे. डॉक्टरांनासुद्धा."

"विचारायलाच हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. गुण आला म्हणून गप्प बसू नका. आत काय आहे, किती आहे, कुणी मोजलंय आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण, हे विचारा. खरं औषध देणारा या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो, त्याच्या हातून पाण्याचा घोटही घेऊ नका.

मी वळले तर वहिनी शेजारी नव्हती. ती रांगेपाशी गेली होती. लहान मुलाला कडेवर घेऊन एक बाई अजून तिथेच उभी होती, घरी जावं की थांबावं ते न कळून. मूल तिच्या खांद्यावर पेंगत होतं.

"याच्या गोळ्या चालू आहेत ना हो?" वहिनीने विचारलं.

बाईने मुलाला आणखी घट्ट धरलं.

वहिनीने त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचा श्वास हाताला लागेपर्यंत तो तसाच ठेवला. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी बंद केल्या होत्या. माझ्या हाताने. चला, त्या बघा डॉक्टर. आत्ताच सांगा त्यांना, मी येते सोबत."