दोराबाहेरची कॅप्टन

साइटवर त्यांना सगळे ढगोबा म्हणत. उंच क्रेनच्या टोकाला टांगलेल्या काचेच्या खोलीत दिवसभर बसणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? आणि आवाज म्हणाल तर असा, की हे वर खोकले तरी खाली सिमेंट कालवणारा दचकायचा. गेला महिनाभर तो आवाज एकाच कामाला जुंपला होता.

"आमची काडी कॅप्टन झाली! रस्सीखेचीच्या संघाची!"

काडी म्हणजे त्यांची लेक, ज्युनिअर कॉलेजातली. अंगानं अगदी नावाबरहुकूम. कॉलेज सुरू झालं की आवारात टेबलं मांडून सगळी मंडळं सभासद गोळा करायची. नाट्यमंडळ, वादविवाद, गायन, विज्ञान, बास्केटबॉल, विचारू नका. काडी हौसेनं बास्केटबॉलच्या टेबलाशी गेली, तर तिथल्या पोरींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विज्ञान मंडळाकडे बोट दाखवलं. झालं! पोरगी तणतणत खेळाच्या सामानाच्या खोलीत गेली, कोपऱ्यात धूळ खात पडलेला जाडजूड दोर फरफटत बाहेर आणला आणि एका रिकाम्या टेबलावर आदळला. संध्याकाळपर्यंत संघापुरत्या पोरी जमल्या. नाटकात ज्यांना कायम झाड करतात त्या, गाण्यात ज्यांना मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायला सांगतात त्या. खेळाच्या मॅडमनी दोर दिला, पण वर अटही घातली. "कॉलेजांची स्पर्धा जिंकलात तर तुमचं मंडळ पक्कं. हरलात तर दोर परत खोलीत आणि तुम्ही परत वर्गात."

आणि या पोरी चक्क अंतिम फेरीत पोचल्या.

काडीनं घरी सांगितलं होतं, "बाबा, मी कॅप्टन आहे, पण माझं काम..." पुढचं ऐकायला ढगोबा होते कुठे? 'कॅप्टन' एवढं कानात पडलं आणि स्वारी चप्पल घालून शेजाऱ्यांकडे पसार. सामन्याच्या दिवशी बायकोनं दारातच बजावलं, "जाताय तर जा, पण तोंडाला जरा आवर घाला. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं होतं." ढगोबांनी मान डोलावली आणि साइटवरच्या जिवलग मित्राला घेऊन मैदान गाठलं. हा मित्र म्हणजे झेंडू. क्रेनखाली झेंडे घेऊन उभा राहून ढगोबांना इशारे देणारा, म्हणून झेंडू. माणूस मोजकं बोलणारा.

दोघं पायऱ्यांवर बसले. शेजारी एक बाई होत्या, डब्यातले शेंगदाणे खात होत्या. त्यांनी सहज विचारलं, "तुमची मुलगी कुठली?"

ढगोबांनी मैदानाकडे पाहिलं. दोराला आठ दणकट पोरी भिडलेल्या. त्यांत काडी नव्हती. काडी दोराच्या बाजूला उभी होती, मोकळ्या हातांनी, नुसती. महिनाभर साइट डोक्यावर घेतली ती हिच्यासाठी? साधा दोर धरायलासुद्धा घेतलं नाही हिला? ढगोबांचे कान गरम झाले. लाजच वाटली त्यांना, उगाच कशाला लपवा. आणि त्या लाजेच्या भरात त्यांनी बोट दाखवलं, "ती... तिसरी. लाल रिबीनवाली."

बाईंनी लाल रिबीनवालीकडे पाहिलं, मग ढगोबांकडे पाहिलं, आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला. झेंडूनं मान दुसरीकडे वळवली.

पहिला डाव सुरू झाला. दोर ताठला आणि ढगोबांना राहवेना. ते उठले आणि गरजले, "ओढा! ओढा गं! ओढा!" तो आवाज ऐकून सगळ्या पायऱ्यांना चेव आला. आपल्या बाजूचे झाडून सगळे ओरडायला लागले, ज्याला जसं सुचेल तसं. दोरावरच्या दोघी एका 'ओढा'ला मागे झुकल्या, तिघी दुसऱ्याला, बाकीच्या गोंधळून जागच्या जागी. क्षणात सगळ्या तोंडावर! डाव गेला.

काडी पायऱ्यांकडे आली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"बाबा, गप्प बसा ना! त्यांना माझा आवाजच येत नाही. मी सांगेन तेव्हा थांबायचं, मी सांगेन तेव्हा ओढायचं. हेच तर आमचं सगळं आहे! अजून एक डाव गेला की संपलं, दोर परत खोलीत."

ती पाठ फिरवून गेली. ढगोबा मटकन बसले.

"अरे," झेंडू म्हणाला, "पोरगी माझं काम करतेय."

"तुझं काम?" ढगोबा म्हणाले.

"तू वर बसतोस, ओझं तुझ्या क्रेनला, बघणारे खालून तुलाच बघतात. पण उचलायचं कधी, थांबायचं कधी, हे कोण सांगतं? आणि मधेच कोणी दुसरा ओरडला, तर तू वरून काय शिव्या घालतोस त्याला?"

ढगोबांना कुठे तोंड लपवावं कळेना. इशारा एकाचाच, हा तर त्यांचाच नियम! नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते हाच दम भरायचे. आणि आज पोरीच्या कामात तेच लुडबुडले होते.

ते उठले, पायरीवर उभे राहून लोकांकडे वळले आणि होता नव्हता तो आवाज लावला. "ऐका हो! इशारा एकाचाच! आपल्या बाजूनं कोणी चकार शब्द काढायचा नाही!" त्या आवाजापुढे काय बिशाद कोणाची? सगळे चिडीचूप. मग ढगोबा खाली बसले आणि स्वतःचा रुमाल स्वतःच्या तोंडात कोंबला.

दुसऱ्या डावात सगळ्यांना पहिल्यांदाच काडीचा आवाज ऐकू आला. बारीक, पण धारदार. "धरा... धरा... आता!" आठही पोरी एका दमात मागे. डाव जिंकला!

तिसरा मात्र जीव काढणारा होता. समोरचा संघ भारी, त्यांच्या पायऱ्यांवर नुसता कल्लोळ. दोरावरची पांढरी खूण हळूहळू त्यांच्याकडे सरकायला लागली. ढगोबांच्या घशात 'ओढा' येऊन अडकला होता, रुमाल दातांत चेंगरत होता. काडी मात्र गुडघ्यांवर बसली, पोरींच्या डोळ्यांत डोळे घालून, पंजा जमिनीकडे दाबलेला. "धरा. धरा. अजून नाही." खूण अजून सरकली. अगं, आता तरी सांग! पण साइटवरही असंच होतं. वर ओझं झुलत असतं, हात शिवशिवतात आणि खालचा पंजा थांब म्हणतो. थांबायचं असतं. ढगोबा थांबले.

समोरच्या पोरी गोंगाटाच्या तालावर ओढून ओढून दमल्या. त्यांचा श्वास सुटला, टाचा निसटल्या, आणि काडी उसळून उभी राहिली.

"आता! आता! आता!"

झाडं म्हणून उभ्या राहणाऱ्या त्या पोरी, काय ताकद लावली म्हणून सांगू! एकेका हाकेला एकेक पाऊल मागे. समोरचा अख्खा संघ रेषेच्या अलीकडे फरफटत आला. शिट्टी वाजली. जिंकल्या! खेळाच्या मॅडमच पहिल्यांदा मैदानात धावल्या. पोरींनी दोर टाकला आणि सगळ्या मिळून काडीवर तुटून पडल्या. त्या गराड्यात तिचा एक हात तेवढा दिसत होता.

ढगोबांनी तोंडातला रुमाल काढून डोळ्यांना लावला.

शेजारच्या बाईंनी शेंगदाण्यांचा डबा पुढे केला. "घ्या. लाल रिबीनवाली माझी आहे हं. मघाशीच सांगणार होते, पण म्हटलं राहू दे." त्या हसल्या. "आता सांगा, तुमची कुठली?"

ढगोबा उठून उभे राहिले, छातीत हवा भरली, आणि जो आवाज इतका वेळ गिळला होता तो सगळाच्या सगळा सोडला.

"ती! दोर न धरलेली! हाक देणारी! ती माझी आहे!"

अख्खं मैदान वळून बघायला लागलं. झेंडूनं कानांत बोटं घातली. आणि गराड्यातून डोकं वर काढून काडीनं पायऱ्यांकडे पाहिलं. आवाज पार बसला होता तिचा, म्हणून तिनं हातानंच इशारा केला.

'या खाली.'

इशारा मिळाला, आणि ढगोबा निघाले.