गाईचं पान

"मावशी, काल हिने काय खाल्लं?" डॉक्टर रेवतींनी तिसऱ्यांदा विचारलं.

देवळाच्या कट्ट्याला टेकून उभ्या असलेल्या मधुकर कारखानीसांना उत्तर ठाऊक होतं. पण तोंड उघडेना.

मुलुंडच्या या देवळाबाहेर मालन अकरा वर्षं चंद्रीला घेऊन बसत होती. येणारा-जाणारा तिच्याकडून गवताची पेंढी घ्यायचा, गाईला घालायचा, तिच्या पाठीवरून फिरवलेला हात कपाळाला लावायचा आणि फुकटात मिळाल्यासारखं पुण्य घेऊन ऑफिसला जायचा. त्यावर मालनची चूल पेटायची. आज चंद्री आडवी पडली होती. डावी कूस टम्म फुगलेली, दात करकरा वाजत होते.

"प्लास्टिक असेल तर पोट उघडावं लागेल. भात किंवा पीठ जास्त झालं असेल तर औषध वेगळं. मला भाताचाच संशय येतोय, पण चुकीचं करून चालणार नाही. नीट आठवा."

मालनने मान वर केली. तिने मधुकररावांकडे पाहिलं, अगदी क्षणभर, आणि पुन्हा चंद्रीच्या पोटावरून हात फिरवू लागली.

"काय की ओ. कचऱ्यात तोंड घातल्यान असात."

"गुरं पाळता आणि लक्ष देत नाही! कमाल आहे तुमची."

मालनने ते ऐकून घेतलं. अकरा वर्षांत तिने चंद्रीला कचराकुंडीच्या वाऱ्याला उभं केलं नव्हतं. पण खरं सांगणार कशी? त्या जागेवर बसायची परवानगी देवळाच्या मंडळाची, आणि मंडळाचे चिटणीस कारखानीस.

काल त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. मधुकररावांचं सगळं रीतसर. आठ जणांना जेवायला बोलावलं, आले तिघे. बाकीच्यांनी मोबाइलवर हात जोडलेली चित्रं पाठवली. पातेलंभर भात आणि खीर उरली.

"वॉचमनला विचार ना," त्यांची बायको क्षमा म्हणाली.

"श्राद्धाचं अन्न लोक घेत नाहीत गं. रात्रभर ठेवायचं नाही, टाकायचंही नाही. गाईला घालून येतो."

गाईचं पान म्हणजे खरं तर चार घास. मधुकरराव बादली घेऊन निघाले.

मालन तेव्हाच म्हणाली होती, "काका, चार घासच घाला. इतको भात तिका सोसाचो नाय. पोट फुगता तिचा."

"अगं, गाईला अन्नाने कधी अपाय होतो का? माझ्या वडिलांचं श्राद्ध आहे, आणि तू नाही म्हणतेस?"

मधुकरराव हे चार लोकांत बोलले, चिटणिसाच्या आवाजात. मग ती काय बोलणार? तिने बादलीवरचा हात काढला. चंद्रीने बादली चाटूनपुसून साफ केली. मधुकररावांनी नमस्कार केला आणि समाधानाने घरी येऊन झोपले.

आता सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण भोवती सगळी ओळखीची माणसं होती. बी विंगमधला सुबोध तर मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता.

"बघा ना काका, प्लास्टिकने वाट लावलीय यार गुरांची."

"खरंय," मधुकरराव म्हणाले. वर मानही डोलावली.

ते डोलावणं पुढे त्यांना जन्मभर पुरणार होतं.

कचऱ्याचं ऐकून डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी गाडी मागवली. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. अर्धा तास गेला, पाऊण गेला. चंद्रीची मान लुळी पडली तेव्हा मालनच्या तोंडून "आये गो" एवढंच निघालं, आणि मधुकरराव कट्टा सोडून पुढे आले.

"डॉक्टर, भात... बादलीभर. खीरपण. मी घातला."

"तुम्ही? आणि इतका वेळ इथेच उभे होतात?"

डॉक्टर धावल्या, नळी घातली, सोड्याचं पाणी सोडलं, सलाइन लावलं. त्यांनी जीव तोडून केलं. दुपारचे बारा वाजायच्या आत चंद्री गेली.

लोक पांगले, डॉक्टरही गेल्या. सुबोधने मोबाइल खिशात टाकला आणि मधुकररावांकडे न बघता तोही गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मधुकररावांना वाटत होतं.

"मालन, मी तुला..." मधुकरराव म्हणू लागले.

"शेवटाक सांगितलात," मालन म्हणाली. चांगलं की वाईट, ते काही बोलली नाही.

मेलेली जनावरं नेणारा ट्रक आला. ट्रकबरोबर तीनच माणसं होती आणि चंद्रीचं धूड मोठं. मालनने इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

"काका, मागचो पाय धरा."

इतक्या वर्षांत मधुकररावांनी चंद्रीच्या पाठीला फक्त बोटं लावली होती. आज त्यांनी दोन्ही हातांनी तिचा पाय कवटाळला. तो अजून कोमट होता. उचलताना तिची मान लोंबकळली आणि तोंडातून आंबूस पाणी भळकन मालनच्या पायांवर सांडलं. त्यात भाताची शितं होती.

मधुकररावांना ती दिसली. मालनलाही दिसली.

"सांभाळून," ती म्हणाली, "पाय सोडू नका."