जेवल्यावर घेते

“पडदा ओढ गं बाळा, कुणीतरी आलं.”

लहानपणी ऐकलेला आईचा हा आवाज गोळीताईच्या कानात अजून तसाच होता. दाराशी चपला वाजल्या की आई हळूच म्हणायची, आणि ती एवढीशी पोर धावत जाऊन शिलाई मशीनला लावलेला पडदा पार जमिनीपर्यंत ओढायची. पडद्याआड आईचा उजवा पाय असायचा. गुडघ्यापासून खाली खांबासारखा सुजलेला, कातडी झाडाच्या सालीसारखी. पायडल आई डाव्याच पायानं मारायची, म्हणून मशीनही लंगडत चालायचं. खट... खटखट. त्या तालावर ती गुणगुणायची,

फाटलं ते शिवते बाई, उसवलं ते टाचते,
आतलं जे दुखणं माझं, अस्तराखाली झाकते.

गल्लीला वाटायचं, शिंपीणबाईचा तोराच मोठा. गिऱ्हाईक आलं तरी ही जागची हलायची नाही. मापंसुद्धा बसूनच. “ये जवळ. आता वळ. आता वाक.” बायका हसायच्या, “दरबारात आलोय बाई आपण! राणीसरकार काही उठायच्या नाहीत.” आईही हसायची. म्हणायची, “गुडघा धरलाय गं.” त्या बिचाऱ्या गुडघ्यानं न केलेला गुन्हा जन्मभर अंगावर घेतला.

लेक मोठी झाली आणि हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर देण्याच्या कामाला लागली, तेव्हापासून ती सगळ्यांची गोळीताई. पहिल्याच दिवशी आईनं शपथ घातली होती, “गोळ्या वाट. माझा पाय वाटू नकोस. उद्या तुझं लग्न व्हायचंय.”

लग्न काही झालं नाही, पण शपथ राहिली.

आईच्या हातात टेप, लेकीच्या हातात रंगीत पट्ट्यांची काठी. काठीपाशी माणूस उभं करायचं, उंची पाहून गोळ्या द्यायच्या आणि आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या. कारण लोक मोठे हुशार. गोळी गालात धरून गोड हसतात, आणि ताई कोपऱ्यावर वळली की गटारात थुंकतात. “आ करा. जीभ वर,” ती म्हणायची. “आम्ही काय बाजारातली गुरं आहोत का, दात बघायला?” असं ऐकूनही ती जीभ वर करून बघितल्याशिवाय उंबरा सोडायची नाही.

एका माणसाचं तोंड मात्र तिनं कधी तपासलं नाही. ज्या तोंडानं आपल्याला बोलायला शिकवलं त्याला कसं म्हणायचं, जीभ वर कर? दरवर्षी ती गोळ्या मशीनच्या फळीवर ठेवायची. आई म्हणायची, “ठेव तिथं, जेवल्यावर घेते.” रिकाम्या पोटी घ्यायच्याच नसतात, म्हणून लेकीला बरंच वाटायचं.

या वर्षी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीनं तिला दारातच अडवलं.

“हत्तीरोगाची गोळी? माझ्या लेकीला? लग्न तोंडावर आलंय! सासरचे म्हणतील, रोग होता म्हणून घेतली.”

“अहो काकू, रोग होऊ नये म्हणूनच घ्यायची. डास काय पत्ता विचारून चावतो?”

“आणि माझी जाऊ? मागच्या वेळी घेतली आणि दिवसभर चक्कर येऊन पडली.”

“येते एखादीला. आतले जंतू मरतात तेव्हा अंग कुरकुरतं. ती चक्कर उतरते, काकू. पाय एकदा पुरता सुजला की तो नाही उतरत.”

“शुभ बोल गं, बाई!” इस्त्रीवालीनं इस्त्री अशी आपटली की निखारे उडाले.

चला माझ्या घरी, दाखवते पाय, असं गोळीताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. शपथ आडवी आली. साऱ्या गल्लीला गोळ्या गिळायला लावणारी ती, ही एक गोष्ट रोज स्वतःच गिळत होती.

दिवस कलला आणि ती घरी परतली, तर इस्त्रीवाली आणि तिची लेक तिच्याच घरात. नवरी मुलगी स्टुलावर उभी होती, लग्नाचा पोशाख अंगावर. गोळीताईची आई बसूनच, ओठांत टाचण्या धरून खालची दुमड घेत होती. पण तिचे हात थांबले होते. मुलीच्या घोट्याशी सँडलचा पट्टा रुतला होता. आईनं अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला, आणि तसाच राहिला.

“संध्याकाळी येते सूज,” मुलगी म्हणाली. “सकाळी जाते, काकू.”

“दिवसभर माझ्याबरोबर उभी असते ना,” इस्त्रीवाली घाईनं म्हणाली. तेवढ्यात तिला दारात गोळीताई आणि तिची गोळ्यांची पिशवी दिसली. “घरातही पिशवी घेऊनच आलीस का? जगाच्या मागे लागतेस, तुझ्या आईनं तरी घेतलीय का गं कधी?”

“घेतली की! दरवर्षी घेते. विचारा तिलाच.”

आईनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. मग दोन्ही हात मशीनवर रोवले आणि ती उठली. पाय उचलेना, तो ओढतच बाहेर आला आणि पडदा त्याच्याबरोबर सरकला. स्टुलावरच्या मुलीनं इस्त्रीवालीचा खांदा घट्ट धरला.

गोळीताई सवयीनं वाकली, पडद्याला हात घातला.

“राहू दे,” आई म्हणाली. “ओढू नकोस आता.”

ती इस्त्रीवालीकडे वळली. “असाच सुरू झाला होता माझा. संध्याकाळी यायची सूज, सकाळी जायची. मीही म्हणायचे, उभं राहून येत असेल. मग एका सकाळी ती गेलीच नाही. लोक डॉक्टर गाठतात, मी पडदा शिवला. लग्न पुढे ढकल हवं तर, पण हिला उद्या दवाखान्यात ने.”

मग तिनं आपल्या लेकीकडे तोंड केलं.

“एकही नाही घेतली गं मी. तू वळलीस की मोरीत टाकायचे. घेतली असती तर मला रोग आहे हे माझं मलाच कबूल करावं लागलं असतं.” तिचा आवाज फाटला. “साऱ्या गल्लीची जीभ वर करून बघितलीस तू, माझी एकदा नाही बघितलीस. मी दरवर्षी वाट बघायचे, आता तरी बघशील म्हणून.”